विहीर कोरडी, पॅनेल रिकामे

होळी उलटली की बालाघाटाच्या डोंगररांगेतील विहिरींचे तळ दिसू लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर या तालुक्यांत तर चांगले पाऊसमान झालेल्या वर्षीही चैत्रानंतर पंप चालविण्याजोगे पाणी उरेल याची खात्री कोणी देत नाही. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. गेल्या काही वर्षांत या विहिरींच्या काठावर एक नवे दृश्य उभे राहिले आहे. लोखंडी खांबांवर दक्षिणेकडे तोंड करून बसविलेली सौर पॅनेले, ज्यांना गावकरी 'सोलरच्या प्लेटा' म्हणतात, ती आता वस्तीवस्तीवर दिसतात. कार्तिकात, मार्गशीर्षात ती पाणी उपसतात आणि त्यावर ज्वारी, हरभरा उभा राहतो. फाल्गुन सरला की विहीर आटते, पंप बंद पडतो, आणि वर्षातील सर्वांत कडक ऊन ज्या तीन-चार महिन्यांत पडते त्याच महिन्यांत ही पॅनेले निव्वळ तापत उभी राहतात.

त्याच वस्तीवर, पॅनेलपासून पन्नास पावलांवर, गोठ्यापुढील अंगणात कडबा कापण्याचे काम चालू असते. वैरण महाग झालेली असते, म्हणून पेंडी अख्खी टाकणे परवडत नाही. अख्खी टाकली तर जनावर पाला खाते आणि बुडखे तुडवून मातीत घालते. कुट्टी केली तर बराचसा कडबा पोटात जातो. कुट्टीचे यंत्र एकतर हाताने फिरवावयाचे, किंवा त्याला मोटार असेल तर शेतीच्या वाहिनीवर वीज येण्याची वाट पाहत बसावयाचे. पन्नास पावलांवर तीन किलोवॅटचे वीजकेंद्र रिकामे उभे आहे आणि अंगणात एक म्हातारी यंत्राचे चाक फिरवीत आहे, हा विरोधाभास ज्यांनी योजना आखल्या त्यांच्या नजरेस पडला नसेल असे नाही. तो दूर करण्याची निकड मात्र कोणास वाटलेली दिसत नाही.

बीड जिल्ह्यास पाणी आणि वीज यांच्या नात्याचा धडा नव्याने देण्याची गरज नाही. परळीचे औष्णिक वीजकेंद्र १९७१ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून मराठवाड्यातील औद्योगिक आकांक्षांचे ते एक प्रतीक मानले गेले. पण कोळशाइतकेच पाणीही त्यास लागते, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी या केंद्रातील सर्व संच बंद ठेवावे लागले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. ज्या जिल्ह्यात पाणी नाही म्हणून वीजनिर्मिती थांबते, त्या जिल्ह्यात पाण्याचा थेंबही न लागता निर्माण होऊ शकणारी वीज विहिरीत पाणी नाही म्हणून वाया जावी, याला नियोजन म्हणावे की दुर्दैव?

योजनेचा इतिहास थोडक्यात असा. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'कुसुम' योजनेस मान्यता दिली. तिच्या एका घटकाखाली, वीजवाहिनीशी संबंध नसलेले स्वतंत्र सौर पंप शेतकऱ्यांना अनुदानाने देण्यात येऊ लागले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' अशी घोषणाच केली. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरावयाची, बाकीचा भार सार्वजनिक निधीवर. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्ती, असे प्रमाण ठरले. या घटकाखाली बसविलेल्या पंपांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. रात्री-अपरात्री पाणी धरण्याच्या जाचातून शेतकरी सुटला, ही या योजनेची सर्वांत मोठी पुण्याई होय, आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, त्या आठवड्यांत सायंकाळनंतर शेतात पाऊल टाकण्यास माणसे धजत नव्हती. रात्रीच्या पाळीची वीज म्हणजे काय, हे तेव्हा मुंबईतील वाचकांनाही थोडेफार उमगले असेल.

आता हिशेब पाहावा. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट वीज देते. तीन अश्वशक्तीच्या पंपास साधारण तीन किलोवॅटची पॅनेले लागतात, म्हणजे दिवसाला सुमारे बारा युनिट. फाल्गुनाच्या मध्यापासून मृगाच्या पावसापर्यंत तीन महिने धरले, तर एका पंपामागे अकराशे युनिटांच्या घरात वीज घेणारे कोणी नसल्याने निर्माणच होत नाही. उलट बाजूस कुट्टीच्या यंत्राची भूक किती? दोन अश्वशक्तीची मोटार, म्हणजे दीड किलोवॅट. चार-सहा जनावरांची दिवसाची वैरण कापण्यास अर्धा तास पुरतो, म्हणजे पाऊण युनिट. पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी भरण्यास पाव युनिटही पुष्कळ झाले. घरापुरती लहान पिठाची चक्की, दूध काढण्याचे यंत्र, पाण्याच्या टाकीवरची छोटी मोटार, दोन पंखे ही सारी यादी एकत्र केली तरी बारा युनिटांचा कोटा संपत नाही. शिवाय कुट्टी ही अशी गोष्ट आहे की ती उन्हाच्या वेळी करून ठेवता येते, तिला साठवणुकीची महागडी बॅटरी लागत नाही. कापलेली वैरण हीच तिची साठवण.

मग अडते कोठे? अडते ते पंप आणि पॅनेल यांच्यामध्ये बसविलेल्या एका पेटीत. पॅनेलमधून येणारी वीज एकदिश असते. तिचा दाब उन्हाबरोबर वरखाली होतो. ती पंपाच्या मोटारीस मानवेल अशी करून देणारा नियंत्रक या पेटीत असतो, आणि साध्या नियंत्रकास पंपाखेरीज दुसरे यंत्र ओळखता येत नाही. ही काही तंत्रज्ञानाची मर्यादा नव्हे. एकच पेटी पंपही चालवील आणि पंप बंद असता कडबाकुट्टी, गिरणी, शीतकपाट किंवा बॅटरी भरण्याचे साधनही चालवील, असा सर्वोपयोगी नियंत्रक अस्तित्वात आहे. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने त्याची तांत्रिक मानके निश्चित केली आहेत आणि 'कुसुम'च्या मार्गदर्शक सूचनांत त्यास स्थान दिले आहे. परंतु तो पर्याय म्हणून. सक्तीने नव्हे. आणि सरकारी योजनेत जे ऐच्छिक असते ते शेवटच्या लाभार्थ्यापर्यंत पोचत नाही, हा अनुभव जुना आहे. अर्जाच्या वेळी शेतकऱ्याचे सारे लक्ष आपला क्रमांक केव्हा लागतो याकडे असते. पुरवठादाराचे लक्ष दिलेल्या मुदतीत किती खांब उभे झाले याकडे. पेटीत काय आहे हे विचारण्यास त्या घाईत कोणासच सवड नसते.

विशेष म्हणजे कडबा कापणे हे शेतीचेच काम आहे, ही गोष्ट वीजदराच्या कायदेकानूंनी केव्हाच मान्य केली आहे. महावितरणच्या मंजूर दरपत्रकात स्वतःच्या वापराचे वैरण कापण्याचे यंत्र आणि उसाचा चरक यांना शेतीच्या वर्गात जागा आहे. पिठाची गिरणी व तेलघाणा यांना मात्र त्याच जागेत ती सवलत नाही. म्हणजे तारेवरची वीज वापरणाऱ्या शेतकऱ्यास नियामक आयोग सांगतो की तुझे कुट्टीयंत्र ही शेतीच होय, आणि सौर पंप घेणाऱ्यास त्याच राज्याची योजना व्यवहारात सांगते की शेती म्हणजे केवळ पाणी उपसणे. यापूर्वीच्या एका राज्य योजनेत सौर पंपाबरोबर दोन दिवे आणि मोबाइल भरण्याची सोय दिली जात होती. त्या लहानशा सोयीमागे पंप ज्याच्या दारात आहे त्याच्या घराचाही विचार करण्याची समज होती. ती पुढे वाढावयास हवी होती.

सरकारी यंत्रणेच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. एकदा पॅनेलची वीज इतर कामांना मोकळी केली की ती शेताबाहेर जाईल, कोणी तिच्यावर धंद्याची गिरणी घालील, अनुदान शेतीसाठी आणि लाभ दुकानास, अशी भीती अधिकारी व्यक्त करतात. ही भीती अगदीच निराधार नाही. पण या पंपांवर दूरसंवेदन बसविलेले असते. पंप केव्हा चालला, किती चालला, याची नोंद पुरवठादाराच्या व यंत्रणेच्या पडद्यावर उमटते. नजर ठेवण्याचे साधन हाती असताना नजर ठेवण्याच्या भीतीने उपयोगच नाकारणे हे कारभाराचे लक्षण नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नियंत्रकाची सोय नसताना काही हौशी मंडळी पॅनेलच्या तारा सोडवून परस्पर दुसऱ्या यंत्रास जोडण्याचा खटाटोप करतात. पॅनेलांच्या माळेतील एकदिश दाब शेकडो व्होल्टचा असतो आणि अशा तारेत ठिणगी धरली तर ती घरगुती विजेप्रमाणे सहज विझत नाही. यंत्र जळते, पाच वर्षांची दुरुस्तीची हमी जाते, आणि प्रसंगी जीवही. मात्र हा आक्षेप सर्वोपयोगी नियंत्रकाविरुद्ध नसून त्याच्या बाजूचा आहे. सुरक्षित वाट बांधून दिली नाही की माणसे कुंपणावरून उडी मारतात.

भूजलाचा प्रश्न याच पेटीशी निगडित आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. सौर पंपास बिल नाही. ऊन आहे तोवर पंप चालू ठेवण्यास काहीच खर्च येत नाही, आणि ज्या विजेचा दुसरा कोणताही उपयोग नाही ती विहिरीतच ओतण्याचा मोह होणारच. अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही गोष्ट घातक आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी या गावी सौर पंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापून उरलेली वीज वीजकंपनीस विकण्याचा प्रयोग केला. पाणी उपसण्यापेक्षा वीज विकणे फायद्याचे ठरले तर उपसा आपोआप आवरेल, ही त्यामागची कल्पना. बालाघाटावरील विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत तशा तारा ओढणे सोपे नाही. तेथे वीज विकता येत नसेल तर निदान ती अंगणात वापरता आली पाहिजे. पॅनेलला दुसरे काम मिळाले की विहिरीवरचा भार तेवढा हलका होईल.

अंगणातले हे काम कोण करते, हेही पाहणे आवश्यक आहे. दसरा झाला की या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. कोयता घेऊन जाणारे कर्ते हात गेले की मागे राहतात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि दावणीची जनावरे. कुट्टीचे चाक त्यांच्याच वाट्यास येते. अमेरिकेत घरापुढची हिरवळ कापण्याची यंत्रे पेट्रोलवरून विजेवर नेण्याची चळवळ चालू आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि २०२४ पासून तयार होणाऱ्या लहान पेट्रोल इंजिनांच्या विक्रीवर निर्बंध आणले. तेथे अंगणातले गवत कापून बहुधा टाकून द्यावयाचे असते, येथे कापलेल्या गवतावर घरचे दूध अवलंबून असते. आष्टी तालुक्यातील ज्या कुटुंबांचा आठवड्याचा बाजार दुधाच्या पैशांवर होतो, त्यांना अंगणातील यंत्र ही हौस नाही. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. वैरणीची प्रत्येक पेंडी पुरवून वापरण्याचे मोल तेव्हा सरकारलाही चांगलेच कळले होते.

तथापि विजेची कुट्टी आली की विजेचा धोकाही आला. हाताच्या यंत्राचे चाक हात अडकताच थांबविता येते, मोटारीचे थांबत नाही. पेंडी पुढे सारताना बोटे, मनगटे गमावलेली माणसे खेडोपाडी भेटतात, आणि त्यांत बायका-मुलांचा भरणा असतो. मळणीयंत्रांनी असेच हात तोडण्यास आरंभ केला तेव्हा संसदेने १९८३ मध्ये घातक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. कुट्टीयंत्राच्या बाबतीत पुरेसा लांब पन्हळ, पात्यावर झाकण, पेंडी ओढून घेणारे रूळ आणि ते उलटे फिरविण्याचा दांडा या चार गोष्टी असल्या तर बहुतेक अपघात टळतात. तेव्हा सौर विजेवर चालवावयाच्या यंत्रास अनुदान द्यावयाचे झाल्यास या चार गोष्टींची अट घातलीच पाहिजे. ती न घालता यंत्रे वाटणे हा गुन्हा ठरेल.

वस्तीवरून गावठाणात आले की प्रश्नाचे रूप बदलते. तेथे सौर पंप नाही, पण घरावर पॅनेल बसविण्यास उत्तेजन आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पंतप्रधान सूर्यघर' योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राज्याने २०२५ मध्ये एका किलोवॅटमागे आणखी १७,५०० रुपयांची भर घातली. कागदावर हे उत्तम आहे. पण या पॅनेलांचा एक गुणधर्म घेणाऱ्यास आधी सांगितला जात नाही. तारेवरची वीज गेली की ही पॅनेलेही बंद पडतात. खांबावर काम करणाऱ्या तारतंत्र्याच्या अंगात घराघरांतून उलट वीज शिरू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते, आणि ती रास्तच आहे. परिणाम मात्र असा की भर दुपारी, डोक्यावर सूर्य आणि छपरावर पॅनेल असताना, रोहित्र जळाले म्हणून कुट्टी अडून राहते. ज्या खेड्यात रोहित्र बदलून मिळण्यास दिवसच्या दिवस लागतात तेथे ही अडचण किरकोळ नव्हे. बॅटरी आणि संमिश्र इन्व्हर्टर बसविला तर ती टळते, पण त्याच्या वाढीव खर्चाची तोंडमिळवणी अनुदानातून होत नाही. एक किलोवॅटच्या पॅनेलवर दोन अश्वशक्तीची मोटार एकट्याने उठतही नाही. सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि तो तारेनेच पुरवावा लागतो.

ऊसतोड कुटुंबाच्या बाबतीत आणखी एक मौज आहे. घर ऐन हंगामात बंद असते, त्यामुळे छपरावरची बरीचशी वीज वाहिनीत जाते आणि खात्यावर युनिटे जमत राहतात. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपताच शिल्लक युनिटांचा हिशेब मिटविला जातो, वीजकंपनी ती ठरीव दराने विकत घेते आणि खाते पुन्हा शून्यावर येते. कुटुंब गावी परतते ते त्याच सुमारास. कडक उन्हाळ्यात, पंख्याला आणि कुट्टीला वीज लागते तेव्हा, थंडीत साठविलेली युनिटे हाती नसतात. हिशेबाची तारीख शासकीय वर्षाप्रमाणे न ठेवता बीडसारख्या स्थलांतराच्या जिल्ह्यांपुरती जून अखेर ठेवली, तर कोणाच्या तिजोरीस धक्का बसणार आहे? ही दुरुस्ती वीज नियामक आयोगाच्या अखत्यारीतील आहे, आणि ती मागण्याचे काम जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींचे आहे. ऊसतोड कामगारांच्या नावाने निवडणुका लढविणाऱ्यांनी आयोगापुढील एखाद्या सुनावणीस तेवढ्यासाठी हजेरी लावण्यास हरकत नाही.

वस्तीवरील पंपांचे काम याहून सोपे आहे. यापुढे निघणाऱ्या प्रत्येक निविदेत सर्वोपयोगी नियंत्रक हा पर्याय न ठेवता अट म्हणून घालता येईल. जे पंप आधीच उभे आहेत त्यांच्या पाच वर्षांच्या हमीची मुदत पहिल्या तुकडीपासून संपत चालली आहे. हमी संपली की पुरवठादार हात झटकणार, आणि शेतकरी गावातील वायरमनला बोलावून पेटी उघडणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पॅनेले पंचवीस वर्षे टिकतात, पेटी तेवढी टिकत नाही. ती कधी ना कधी बदलावीच लागेल. बदलताना जुनी एककामी पेटी द्यावयाची की नवी बहुकामी, याचा निर्णय महावितरणने आणि ऊर्जा विभागाने आजच केला, तिची किंमत ठरवून दिली, आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना ती बसविण्याचे शिक्षण अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई येथे दिले, तर पहिली बदललेली पेटी येत्या उन्हाळ्यातच एखाद्या अंगणातील कुट्टी फिरवू शकेल.